छेद शून्य झाला म्हणजे उभी रेषा आलीच असं नाही: परिमेय फलांच्या उभ्या अनंतस्पर्शी रेषा कशा शोधायच्या

दहावीच्या विज्ञानात बहिर्वक्र भिंगाचा तक्ता सगळ्यांनी घोकलेला असतो. वस्तू कुठे ठेवली की प्रतिमा कुठे पडते, सुलट की उलट, लहान की मोठी. त्यातली एक ओळ बहुतेकजण न कळताच पाठ करतात: वस्तू नाभीवर असेल तर प्रतिमा अनंत अंतरावर. अनंत अंतरावर म्हणजे नेमकी कुठे, असं विचारलं की 'पेपरात तेवढंच लिही' हे उत्तर ठरलेलं.

त्या ओळीमागे एक अपूर्णांक आहे. भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी धरा. चिन्हांचे संकेत क्षणभर बाजूला ठेवू आणि वस्तूच्या भिंगापासूनच्या अंतराला नुसतं व म्हणू. मग प्रतिमेचं अंतर येतं:

प = १०व / (व − १०)

वस्तू २० सेंमीवर ठेवली तर प्रतिमाही पलीकडे २० सेंमीवर. ११ सेंमीवर आणली की ११० सेंमी. १०.१ वर आणली की १०१० सेंमी, म्हणजे दहा मीटरच्या पुढे, खोलीची भिंत ओलांडून. १०.०१ वर १००१० सेंमी, शंभर मीटरच्या पलीकडे. आता नाभी ओलांडून आत या. ९.९ वर उत्तर येतं −९९०. ऋण आलं याचा अर्थ प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला पडतच नाही, ती वस्तूच्याच बाजूला दिसते, आभासी आणि सुलट. भिंगातून बारीक अक्षरं वाचताना आजोबा भिंग कागदाच्या जवळ, नाभीय अंतराच्या आत धरतात ते याचसाठी.

व = १० ला मात्र काहीच उत्तर नाही. याचा आलेख काढला तर १० च्या उजवीकडची फांदी वर आभाळात जाते आणि डावीकडची पाताळात. दोघींच्या मध्ये एक उभी रेषा आहे. दोन्ही फांद्या तिच्या हव्या तितक्या जवळ येतात, पण तिला शिवत नाहीत. हीच उभी अनंतस्पर्शी रेषा. इंग्रजीतून गणित शिकलेल्यांसाठी, व्हर्टिकल असिम्प्टोट. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र न येणारी' असा आहे, आणि सुमारे इ.स.पू. २०० मध्ये अपोलोनियसने शांकवांवर लिहिताना तो वापरला होता. साधं य = १/क्ष घेतलंत तरी तो आलेख अपास्तच (हायपरबोला, शांकवांपैकीच एक) असतो, त्यामुळे ही ओळख जुनीच म्हणायची.

आता ही रेषा शोधायची कशी? शिकवणीत एका वाक्यात सांगतात: छेद शून्य करा, आलेलं उत्तर लिहा. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे गुण बहुतेकदा उरलेल्या अर्ध्यात जातात. छेद शून्य होणं हा फक्त संशय. गुन्हा शाबित करायला अंशाची साक्ष काढावी लागते.

(वहीत तुम्ही एक्स आणि वाय लिहीत असाल. मी इथे क्ष आणि य लिहितो, फलाला फ(क्ष).)

आधी एक सोपं, हातानं करून पाहण्याजोगं

फ(क्ष) = (क्ष + ३) / (क्ष − २)

परिमेय फल म्हणजे वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी. इथे छेद क्ष = २ ला शून्य होतो, आणि त्याच वेळी अंश ५ असतो. आता २ च्या जवळ जाऊ.

उजवीकडून: क्ष = २.१ ला ५.१ ÷ ०.१ = ५१. क्ष = २.०१ ला ५०१. क्ष = २.००१ ला ५००१.

डावीकडून: क्ष = १.९ ला ४.९ ÷ (−०.१) = −४९. क्ष = १.९९ ला −४९९. क्ष = १.९९९ ला −४९९९.

अंश ५ च्या आसपासच घुटमळतोय, छेद मात्र बारीक बारीक होत चाललाय. पाच लाडू एकेक वाटले तर पाच जणांना पुरतात, अर्धा अर्धा वाटला तर दहांना, शंभरावा भाग वाटला तर पाचशेंना. वाटा जितका लहान तितकी माणसं जास्त. सगळं गणित एवढंच आहे. म्हणूनच अंश शून्य नसणं महत्त्वाचं. लाडूच नसतील तर हा हिशेबच बदलतो.

शून्याने भागण्याचा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) बीजगणितात अशा राशीला खहर म्हटलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. त्यात कितीही मिळवलं किंवा त्यातून कितीही काढलं तरी ती बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज आपण ५/० ला किंमतच देत नाही. 'छेद शून्याकडे सरकताना काय होतं' एवढंच विचारतो आणि त्याला सीमा म्हणतो. क्ष उजवीकडून २ कडे जाताना फ(क्ष) → +∞, डावीकडून जाताना फ(क्ष) → −∞. या दोहोंपैकी एका बाजूने जरी फलाची किंमत धन किंवा ऋण अनंताकडे गेली, तरी क्ष = २ ही उभी अनंतस्पर्शी रेषा ठरते. व्याख्या एवढीच आहे, बाकीच्या पायऱ्या म्हणजे तिथे लवकर पोचण्याची युक्ती.

पायरी १: सगळं एका अपूर्णांकात आणा आणि अवयव पाडा

'एका अपूर्णांकात' हे शब्द सोडू नका. हे फल पाहा:

फ(क्ष) = १/(क्ष − २) − ४/(क्ष² − ४)

घाईत पाहिलं तर पहिलं पद क्ष = २ ला फुटतं, दुसरं क्ष = २ आणि क्ष = −२ ला. मुलं दोन रेषा लिहून मोकळी होतात. पण छेद समान करून वजाबाकी करा:

(क्ष + २ − ४) / (क्ष² − ४) = (क्ष − २) / [(क्ष − २)(क्ष + २)] = १/(क्ष + २), मात्र क्ष ≠ २

क्ष = २ जवळ दोन्ही पदं स्वतंत्रपणे अनंताकडे धावतात, पण वजाबाकीत ती एकमेकांना अशी खातात की शिल्लक १/४ राहते. रेषा एकच, क्ष = −२. पदं सुटी ठेवून हे दिसलंच नसतं.

अवयव पाडण्याची हत्यारं नववी-दहावीचीच आहेत: सामाईक काढणे, गट करणे, वर्गांतराचं सूत्र, मधलं पद फोडणे. तिसऱ्या घाताच्या पुढे गेलात तर अवयव सिद्धांत. ±१, ±२ अशा लहान संख्या घालून पाहा. जिथे किंमत शून्य आली तिथला अवयव हाती लागतो, मग संश्लेषक भागाकार. याचं उदाहरण पुढे पूर्ण करून दाखवतो.

पायरी २: छेदाची मुळं काढा. ही संशयितांची यादी

मूळ फलाच्या छेदाची. संक्षेप दिल्यानंतरच्या नव्हे. ज्या क्ष ला मूळ छेद शून्य, तो क्ष फलाच्या प्रांतात (जिथे फलाला किंमत असते त्या क्ष च्या संचात) नाही. नंतर अवयव कापला गेला तरी तो प्रांतात परत येत नाही.

इथे तीन प्रकार भेटतात. मुळं पूर्णांक किंवा साधे अपूर्णांक आली तर प्रश्नच नाही. छेद क्ष² − २क्ष − १ असा असेल तर सूत्राने क्ष = १ ± √२ येतं. रेषा दोन, आणि उत्तरात √२ तसंच राहू द्या, २.४१ लिहिलंत तर ती दुसरीच रेषा झाली. तिसरा प्रकार म्हणजे क्ष² + क्ष + १. विवेचक १ − ४ = −३, ऋण. वास्तव मूळ नाही, छेद कधीच शून्य होत नाही, त्यामुळे (२क्ष + १)/(क्ष² + क्ष + १) ला उभी अनंतस्पर्शी रेषाच नाही. 'नाही' हेही उत्तर असतं. ते लिहायला मुलं का घाबरतात कोण जाणे. काहीतरी आकडा हवाच म्हणून विवेचकाचं चिन्ह बदललेलं मी वहीत पाहिलंय.

पायरी ३: प्रत्येक संशयित अंशात घालून पाहा

अंशाची किंमत शून्येतर आली की निकाल लागला: तिथे रेषा आहे. पुढे काही करायची गरज नाही. अवयव पाडायला अवघड अशा मोठ्या अंशासाठी हाच सोपा रस्ता, कारण अंशाचे अवयव पाडावेच लागत नाहीत.

अंशही शून्य आला तर थांबा. ०/० म्हणजे अंश आणि छेद दोघांतही तोच अवयव लपलाय. आता तो काढून बघावा लागेल.

फ(क्ष) = (क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − ९)

छेदाची मुळं ३ आणि −३. क्ष = −३ ला अंश ९ + ३ − ६ = ६, शून्य नाही; रेषा पक्की. क्ष = ३ ला अंश ९ − ३ − ६ = ०. संशय. अवयव पाडले की

[(क्ष − ३)(क्ष + २)] / [(क्ष − ३)(क्ष + ३)] = (क्ष + २)/(क्ष + ३), क्ष ≠ ३

क्ष = ३ जवळ हे फल शांतपणे ५/६ कडे जातं. तिथे उभी रेषा नाही, आलेखात एक भोक आहे: (३, ५/६) हा एकच बिंदू गायब, बाकी वक्र सलग. अकरावीत सातत्य शिकताना 'रिमूव्हेबल डिसकन्टिन्युइटी' म्हणून जे भेटतं ते हेच. भोकाचा य निर्देशक काढताना संक्षिप्त रूपात किंमत घालायची, मूळ रूपात घातलीत तर परत ०/०.

वहीत अवयव कापताना शेजारी 'क्ष ≠ ३' लिहायची सवय लावून घ्या. तीनच चिन्हं आहेत. ती न लिहिल्याने (क्ष + २)/(क्ष + ३) आणि मूळ फल एकच समजलं जातं, आणि ते एक नाहीत; एकाला क्ष = ३ ला किंमत आहे, दुसऱ्याला नाही.

पायरी ४: कापला गेला म्हणजे सुटला असं नव्हे, किती वेळा आहे ते मोजा

इथे हुशार मुलंही घसरतात. पायरी ३ शिकल्यावर त्यांचा नियम होतो: अवयव दोन्हीकडे असला की भोक. मग

(क्ष − ५) / (क्ष − ५)²

इथेही भोक लिहितात. पण वरचा एक कापल्यावर खाली एक उरतोच: १/(क्ष − ५). क्ष = ५ ला ठळक उभी रेषा आहे.

म्हणून मोजणी करायची. एखादा अवयव अंशात म वेळा आणि छेदात न वेळा आला आहे असं समजा. न मोठा असेल तर कापाकापीनंतर तो छेदात उरतो, रेषा येते. न आणि म सारखे, किंवा म मोठा, तर छेदात तो उरत नाही, भोक पडतं. म मोठा असेल तेव्हा भोक क्ष-अक्षावरच पडतं, कारण तिथे सीमा शून्य असते. याहून जास्त पाठ करण्यासारखं काही नाही.

अवयव पाडताच येत नाहीत असं मोठं फल असेल तर अंश आणि छेद या दोन बहुपदींचा मसावि युक्लिडच्या भागाकार पद्धतीने काढता येतो, संख्यांचा काढतो तसाच. मसाविने दोघांना भागलं की फल संक्षिप्त झालं. आता छेदाचं प्रत्येक वास्तव मूळ ही रेषाच. परीक्षेत ही वेळ येत नाही, पण संगणक हेच करतो.

पायरी ५: दोन्ही बाजूंना फांद्या कुठे जातात

नुसती रेषा विचारली असेल तर पायरी ४ ला काम संपलं. आलेख काढायचा असेल किंवा सीमा विचारली असेल तर चिन्हं हवीत. मोठमोठ्या किमती काढायची गरज नाही, फक्त धन की ऋण.

(क्ष + २)/(क्ष + ३) घेऊ, क्ष = −३ जवळ. अंश −१ च्या आसपास, म्हणजे ऋण. −३ च्या जरा उजवीकडे, क्ष = −२.९ ला, छेद +०.१. ऋण भागिले धन, ऋण: फांदी खाली. जरा डावीकडे, क्ष = −३.१ ला, छेद −०.१. ऋण भागिले ऋण, धन: फांदी वर. किमती बघायच्याच तर −९ आणि ११.

'−३ च्या उजवीकडे' म्हणजे −२.९, −३.१ नव्हे. ऋण संख्यांच्या बाजू उलट धरण्याची चूक इतकी सर्रास होते की मी मुलांना आधी संख्यारेषा काढायलाच लावतो.

छेदात उरलेला अवयव किती वेळा आहे, म्हणजे न − म, यावरून चिन्हांचा अंदाज आधीच येतो. विषम असेल तर मुळाच्या दोन बाजूंना त्याचं चिन्ह बदलतं, फांद्या विरुद्ध दिशांना जातात: एक वर, एक खाली. सम असेल तर वर्ग कायम धन, दोन्ही फांद्या एकाच दिशेला. १/(क्ष − ४)² च्या दोन्ही वर जातात. मग सम म्हणजे कायम वर का? नाही, अंशाकडे बघा. (क्ष − ५)/(क्ष − ४)² मध्ये क्ष = ४ जवळ अंश −१ आहे: ४.१ ला −९०, ३.९ ला −११०. दोन्ही फांद्या विहिरीत.

एक पूर्ण उदाहरण, कच्च्या कामासकट

फ(क्ष) = (क्ष³ − २क्ष² − क्ष + २) / (क्ष⁴ − ३क्ष³ + ४क्ष)

अंश गट करून सुटतो: क्ष²(क्ष − २) − १(क्ष − २) = (क्ष − २)(क्ष² − १) = (क्ष − २)(क्ष − १)(क्ष + १).

छेदात क्ष सामाईक: क्ष(क्ष³ − ३क्ष² + ४). कंसात क्ष = −१ घालून पाहू: −१ − ३ + ४ = ०. म्हणजे (क्ष + १) हा अवयव. आता संश्लेषक भागाकार. सहगुणक लिहा: १, −३, ०, ४. तो शून्य नजरेआड करू नका. कंसात क्ष चं पद नाही, त्याची जागा शून्याने भरायची असते. १, −३, ४ असं लिहून भागाकार केला की सगळंच चुकतं, आणि शून्य बाकी न आल्यामुळे मुलगा 'हा अवयवच नाही' म्हणून दुसरी संख्या शोधायला लागतो.

भागाकार असा: पहिला १ तसाच खाली. १ × (−१) = −१, −३ मध्ये मिळवून −४. −४ × (−१) = ४, ० मध्ये मिळवून ४. ४ × (−१) = −४, ४ मध्ये मिळवून ०. बाकी शून्य. भागाकार क्ष² − ४क्ष + ४, म्हणजे (क्ष − २)².

म्हणून फ(क्ष) = [(क्ष − २)(क्ष − १)(क्ष + १)] / [क्ष(क्ष + १)(क्ष − २)²]

संशयित तीन: ०, −१, २.

(क्ष + १) वर एकदा, खाली एकदा. सुटला. भोक.
क्ष खाली एकदा, वर नाही. रेषा: क्ष = ०.
(क्ष − २) वर एकदा, खाली दोनदा. एक उरतो. रेषा: क्ष = २.

संक्षिप्त रूप (क्ष − १) / [क्ष(क्ष − २)], क्ष ≠ −१, क्ष ≠ २. दुसरी अट इथे आपोआपच दिसते, कारण छेदात (क्ष − २) अजून आहे. पहिली मात्र लिहावीच लागते. भोकाची जागा: क्ष = −१ घातलं की −२ / [(−१)(−३)] = −२/३. बिंदू (−१, −२/३).

चिन्हांसाठी संख्यारेषेवर ०, १, २ मांडा. १ का? तिथे अंश शून्य होतो, चिन्ह तिथेही बदलू शकतं. ० च्या डावीकडे ऋण/(ऋण × ऋण) = ऋण. ० ते १: ऋण/(धन × ऋण) = धन. १ ते २: धन/(धन × ऋण) = ऋण. २ च्या पुढे सगळं धन. म्हणजे ० ला डावीकडची फांदी खाली, उजवीकडची वर. २ लाही तसंच. मधल्या पट्ट्यात आलेख वरून उतरतो, क्ष = १ ला अक्ष छेदतो आणि २ पाशी खाली बुडी मारतो.

कागदावर काढताना आधी दोन्ही रेषा तुटक काढा, मग भोकासाठी पोकळ टिंब, मग अक्षावरचा छेदनबिंदू, आणि सगळ्यात शेवटी वक्र. उलट क्रमाने काढलं की वक्र रेषेला टेकतो आणि खोडरबर शोधावा लागतो.

उत्तर लिहिताना 'क्ष = ०, क्ष = २' असं समीकरण लिहा. नुसतं '० आणि २' ही रेषा नव्हे, त्या संख्या आहेत. परीक्षकाने अर्धा गुण कापला तर त्याची बाजू बरोबर आहे.

संगणकावर आलेख पाहताना

पडताळा म्हणून जिओजेब्रा किंवा डेसमॉसवर फल टाकून पाहणं चांगलंच. पण चित्राला शेवटचा पुरावा मानू नका. भोक म्हणजे एकच बिंदू, त्याला रुंदी नसते, त्यामुळे पडद्यावर वक्र सहसा सलगच दिसतो. अवयव न पाडता नुसत्या चित्रावर विसंबलात तर (−१, −२/३) सहज निसटून जाईल.

एक्सेलमध्ये वेगळीच गंमत. (क्ष + ३)/(क्ष − २) चा तक्ता ० पासून ०.३ च्या टप्प्याने केला तर १.८ ला −२४ येतं आणि पुढच्याच ओळीत २.१ ला ५१. रेषांचा आलेख निवडला असेल तर एक्सेल हे दोन बिंदू इमानेइतबारे जोडून टाकतो, आणि जवळजवळ उभी अशी एक रेघ दिसते. 'ही बघा सर, अनंतस्पर्शी आली.' आली नाही. ती दोन फांद्यांना जोडणारी खोटी रेघ आहे, थोडी तिरपी सुद्धा आहे. टप्पा ०.२५ घेतला असता तर तक्ता नेमका २ वर पडला असता आणि त्या चौकटीत शून्याने भागल्याची चूक दिसली असती.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. पायथनमध्ये १/(क्ष − ०.३) लिहून क्ष च्या जागी ०.१ × ३ दिलंत तर चूक येत नाही, सुमारे १८ वर १५ शून्यं एवढा आकडा येतो. द्विमान पद्धतीत ०.१ नेमका साठवता येत नाही, त्यामुळे ०.१ × ३ हे ०.३ पेक्षा केसभर जास्त ठरतं. छेद शून्य आहे का हे दशांशात तपासण्यापेक्षा कागदावर अवयव पाडणं म्हणूनच भरवशाचं.

हा नियम कुठे चालत नाही

वरचं सगळं बहुपदी भागिले बहुपदी यासाठी. साइन क्ष भागिले क्ष यात क्ष = ० ला दोन्ही शून्य होतात आणि सीमा १ येते; रेषा नाही, पण ते अवयव कापून सिद्ध होत नाही. लॉग क्ष ला छेदच दिसत नाही, तरी क्ष = ० ही त्याची उभी अनंतस्पर्शी रेषा आहे, तीही फक्त उजव्या बाजूने. तिथे परत व्याख्येकडे, म्हणजे सीमेकडे जायचं.

आणखी एक गैरसमज: 'आलेख अनंतस्पर्शी रेषेला कधीच छेदत नाही.' परिमेय फलाच्या उभ्या रेषेबाबत हे खरं, कारण तिथे फलाला किंमतच नसते. आडव्या रेषेबाबत नाही. क्ष/(क्ष² + १) ची आडवी अनंतस्पर्शी रेषा य = ० आहे आणि आलेख आरंभबिंदूत तिला सरळ छेदून जातो.

स्पर्धा परीक्षांत प्रश्न उलटा विचारतात: (क्ष² + क × क्ष − १०)/(क्ष − २) ला उभी अनंतस्पर्शी रेषा नसेल तर क किती? रेषा नसायची तर क्ष = २ ला अंशही शून्य हवा. ४ + २क − १० = ०, क = ३. ताळा: क्ष² + ३क्ष − १० = (क्ष − २)(क्ष + ५), भोक (२, ७) ला.

आता तीन तुम्ही करा. उत्तरं खाली आहेत, पण आधी पेन उचला.

(१) (क्ष² + २क्ष) / (क्ष² − ४)
(२) (३ − क्ष) / (क्ष² − ६क्ष + ९)
(३) (क्ष² + १) / (क्ष³ + क्ष)

पहिल्याची रेषा क्ष = २, आणि भोक (−२, १/२). दुसऱ्यात छेद (क्ष − ३)² आहे, म्हणून सम घात समजून दोन्ही फांद्या एकाच दिशेला नेल्या असतील तर परत बघा: अंश −(क्ष − ३) आहे, एक अवयव कापला जातो आणि −१/(क्ष − ३) उरतं. रेषा क्ष = ३, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. तिसऱ्यात छेद क्ष(क्ष² + १), संक्षेप देऊन १/क्ष. रेषा क्ष = ०. भोक मात्र एकही नाही: अवयव कापला गेला खरा, पण क्ष² + १ वास्तव संख्यांत कधी शून्य होतच नाही, मग भोक पडायचं कुठे?